घर दाखवण्याचा कार्यक्रम

शनिवारी दुपारी महेंद्र गायकवाड डोक्याला पंचा बांधून स्टुलावर उभा होता आणि बापाने हौसेने दिलेला निळा रंग पांढऱ्याखाली गाडत होता. डब्यावर रंगाचं नाव मोठं साहेबी लिहिलेलं होतं. भिंतीवर मात्र तो शिळ्या ताकासारखा दिसत होता. शिवाय खालचा निळा पुन्हा पुन्हा डोकं वर काढत होता. दुसरा हात मारला, तरी तोच प्रकार.

‘निळा असा सहजासहजी जात नसतो!’ हे वाक्य महेंद्रनेच कुठल्याशा जयंतीच्या सभेत टाळ्या घेण्यासाठी वापरलं होतं. टाळ्या चांगल्या पडल्या होत्या. आता तेच वाक्य भिंत त्याला ऐकवत होती.

शहापूरच्या हायस्कुलात मराठी शिकवणाऱ्या महेंद्र सरांकडे प्रत्येक प्रसंगाला साजेसं एखादं वाक्य तयार असायचं. स्टुलावर उभं राहून रंग फासण्याच्या प्रसंगाला मात्र एकही सुचत नव्हतं.

भीमाबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने वर बघून भिंतीची चौकशी केल्यासारखं केलं.

“मला बघायला तुझा बाप आला होता ना, तवा माझ्या तोंडाला पण एवढा चुना फासला नव्हता.”

“चुना नाय आई. रंग आहे.”

“तेच ते.”

महेंद्रचा बाप पांडू गायकवाड माळशेजच्या रस्त्यावर मुकादम होता. रस्त्याच्या कडेलाच टोकावड्यात त्याने हे घर बांधलं आणि आयुष्यभर स्वतः डांबर टाकलेला रस्ता ओट्यावर बसून बघत राहिला. तो गेल्यापासून भीमाबाई इथे एकटी होती. उजव्या अंगाच्या घरातले लोक कल्याणला गेले आणि तिथे ढाबा उभा राहिला. डावीकडे कोणा मुंबईकराचा बंगला, कुलपासकट. म्हातारीला मीठ मागायचं म्हटलं तरी रस्ता ओलांडून जावं लागे. एका रविवारी तिने तिन्ही मुलांना सांगून टाकलं, “मला आसनगावला जायचंय. पौर्णिमाकडं.”

झालं. महेंद्र आणि रूपेश, दोन्ही भाऊ कामाला लागले. पौर्णिमा धाकटी. तिचा मुलगा ऋतिक पुण्याला शिकायला गेल्यापासून तिच्याकडे एक खोली रिकामी होती. पण आईने जावयाच्या घरात राहायचं म्हणजे दोन मुलगे असून लोक काय म्हणतील? रूढींवर दर वर्षी तासभर कोरडे ओढणाऱ्या महेंद्र सरांनाच हा प्रश्न पहिल्यांदा पडला. तेव्हा असं ठरलं, की टोकावड्याचं घर विकायचं, पौर्णिमाच्याच इमारतीत तळमजल्यावर आईच्या नावावर फ्लॅट घ्यायचा, आणि मग आईला मानाने न्यायचं. फ्लॅटचा मालक महिनाअखेरपर्यंतच थांबणार होता, म्हणून घाई.

घर बघायला दोन गिऱ्हाइकं येऊन गेली होती. दोन्ही वेळी एकच गत. माणसं गाडीतून उतरत, विहिरीत डोकावत, खूश होऊन बैठकीत येत, आणि समोरच्या भिंतीवरचा बाबासाहेबांचा मोठा फोटो बघितला की त्यांना एकदम उशीर व्हायला लागे. चहा अर्धा राही. “फोनवर सांगतो” म्हणून जात ते जातच.

मुरबाडचा एजंट अमोल सभ्य पोरगा. त्याने विषय फार नाजूकपणे काढला होता. “सर, घर एक नंबर आहे. फक्त थोडं न्यूट्रल करा. गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे, की हे आपलंच घर आहे.”

“म्हणजे आमचं आहे असं वाटायला नको,” महेंद्र म्हणाला होता.

“तुमी मराठीचे सर. बरोबर पकडलंत,” अमोल म्हणाला.

चारच्या सुमाराला रूपेश आला. तो कल्याणला मोबाइलच्या दुकानात कामाला होता आणि घर झटपट कसं विकावं यावरचे यच्चयावत व्हिडिओ त्याने बघून ठेवले होते. गाडीच्या डिकीतून त्याने मनीप्लांटच्या कुंड्या, पौर्णिमाच्या सोफ्यावरच्या उशा, प्लॅस्टिकची सफरचंदं आणि कॉफीची बरणी काढली. मागोमाग पौर्णिमा उतरली.

“माझ्या उशांना डाग पडला तर भरून घेईन,” ती म्हणाली.

“कॉफी कोणाला रे?” भीमाबाईने विचारलं.

“प्यायला नाय आई. उकळत ठेवायची. कॉफीचा वास आला की माणसाला आपल्या घरी आल्यासारखं वाटतं.”

“कोणाच्या घरी? आपल्यात कॉफी पितं कोण?”

तिने सकाळीच सुकट भाजली होती. रूपेशने रंगीत तालीम म्हणून कॉफी उकळली, वर उदबत्ती लावली. तिन्ही वास एकमेकांत मिसळून घरभर असा काही दरवळ सुटला, की ढाब्यावरचा वाढपी कुंपणापाशी येऊन काही जळतंय का विचारून गेला.

मग आवराआवर सुरू झाली. लोखंडी खाट मागच्या पडवीत गेली. पाण्याचं पिंप गेलं. पांडूची काठी, भीमाबाईच्या गोधड्या, नातवंडांच्या शाळेतल्या ढाली, सगळं गेलं. पौर्णिमाने सारनाथहून आणलेली बुद्धाची मूर्ती महेंद्र उचलायला गेला, तर रूपेशने अडवलं.

“ती राहू दे दादा. अमोल बोलला, बुद्ध चालतो. हॉटेलात पण ठेवतात. शोपीस म्हणून भारी दिसतो.”

आणि त्याने ती मूर्ती उंच फळीवरून काढून, खाली बुटक्या तिपाईवर मनीप्लांटच्या शेजारी ठेवली. मागे सरकून एक डोळा मिटून बघितली. महेंद्र ती परत फळीवर ठेवायला वाकला. पण दिसत चांगली होती, हेही खरंच.

उरला तो फोटो.

बोलायला आधी सुरुवात करणं मोठ्या भावाचं काम होतं, म्हणून महेंद्रने घसा साफ केला.

“हे बघा, प्रश्न प्रतिमेचा नाही, विचारांचा आहे. विचार भिंतीवर नसतात. ते आपल्या...”

“दादा,” पौर्णिमा म्हणाली, “एप्रिलमध्ये मुरबाडला तुझं भाषण होतं. विषय काय होता?”

महेंद्र बोटांवरचा रंग खरवडायला लागला.

“स्वाभिमान होता,” पौर्णिमाने स्वतःच सांगितलं. “पहिल्या रांगेत मी होते. टाळ्या वाजवून हात दुखले माझे.”

“अगं, एका दिवसाचा प्रश्न आहे,” रूपेश मधे पडला. “लग्नात नाय का आपण भाड्याचा कोट घालत?”

“कोट घाल ना. आडनाव पण भाड्याचं आण.”

तिघांनी आईकडे बघितलं. महेंद्रला वाटलं, आता आई रडेल, किंवा बापाची आठवण काढेल. आणि मग आपल्याला मोठ्या मनाने माघार घेता येईल. भीमाबाईने सुपातला खडा काढून अंगणात टाकला.

“बाबासाहेबांनीच सांगितलंय, गाव सोडा, शहराकडं जा. मी तेच करतंय. ते रागावनार नायत,” ती म्हणाली. “पन मी उतरवनार नाय. तुझ्या बापाने लावलाय, तर त्याच्या मोठ्या पोराने उतरवायचा. चढ.”

महेंद्र पुन्हा स्टुलावर चढला. फोटो वजनाला फार नव्हता, तरी खिळ्यावरून काढताना त्याचे दंड भरून आले. खाली रूपेश स्टूल धरून उभा होता आणि मान खाली घालून फरशी बघत होता. आताच लग्नातल्या कोटाची गोष्ट करणारा हाच का, असं महेंद्रच्या मनात आलं.

“दादा, राहू दे काय?” रूपेश हळूच म्हणाला.

“आता?” महेंद्र वरून ओरडला. “आता मी काढलाय!”

म्हणजे ज्याची कल्पना, तोही पसार. फोटो छातीशी धरून महेंद्र एकटाच स्टुलावर उभा राहिला. भीमाबाईने आपलं पांढरं लुगडं पुढे केलं. फोटो त्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवला गेला, आणि नंतर चहा कोणीच मागितला नाही.

रविवारी सकाळी अमोल गिऱ्हाईक घेऊन आला. गाडीतून पन्नाशीकडे झुकलेले एक गृहस्थ उतरले आणि त्यांनी हात देऊन आपल्या आईला उतरवलं. म्हातारी हडकुळी, डोळ्यांनी तल्लख, पायऱ्या चढताना धाप लागणारी.

“हे जाधवसाहेब,” अमोल म्हणाला. “ठाण्याला बँकेत मोठ्या पोस्टवर आहेत. आणि हे आमचे महेंद्र सर, गायकवाड.”

कॉफी उकळत होती. उशा जागेवर होत्या. जाधवांनी भिंती बघितल्या, पंखा बघितला, मान डोलावली. सगळं व्हिडिओत दाखवल्यासारखं चाललं होतं. आणि तेवढ्यात महेंद्रच्या तोंडून निघून गेलं,

“जाधव म्हणजे... कुठले?”

शब्द बाहेर पडले आणि त्याचे कान तापले. हा प्रश्न त्याला कॉलेजात विचारला गेला होता, भाड्याची खोली शोधताना विचारला गेला होता, शाळेत रुजू झाला त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर विचारला गेला होता. प्रत्येक वेळी समोरच्याच्या डोळ्यांत त्याने जी नजर बघितली होती, तीच आता स्वतःच्या डोळ्यांत असणार. आरसा समोर नव्हता, हे नशीब.

जाधवांनी खिशातून रुमाल काढला. “आम्ही तसे... घाटावरचे.”

घाटावर म्हणजे अर्धा महाराष्ट्र झाला. पण महेंद्रने पुढे विचारलं नाही.

“आणि तुम्ही गायकवाड,” जाधव म्हणाले. “म्हणजे बडोद्याकडचे का?”

“हो,” महेंद्र म्हणाला. मग घाईने, “म्हणजे, फार लांबून.”

चहाचा ट्रे घेऊन आलेल्या पौर्णिमाला ठसका लागला. बशीतल्या बशीत चहा हिंदकळला. टोकावड्याच्या मुकादमाचा पोरगा एका वाक्यात राजघराण्यात जाऊन बसला होता, आणि तिथून खाली कसं उतरावं ते त्याला कळत नव्हतं.

“छान, छान,” जाधव म्हणाले. त्यांनी रुमालाने मान पुसली. “देवघराला जागा कुठे आहे? आमच्याकडे... देवाचं जरा जास्त असतं.”

महेंद्रने रूपेशकडे बघितलं. रूपेशने क्षणाचाही विलंब न लावता, कालपर्यंत जिथे पाण्याचं पिंप होतं त्या ओल्या कोपऱ्याकडे दोन्ही हात पसरले. “इथंच होतं आमचं देवघर. एकदम जागृत कोपरा आहे.”

अमोल खिडकीबाहेर बघायला लागला.

म्हातारीचं यातल्या कशाकडेच लक्ष नव्हतं. तिने ताटातलं सफरचंद उचललं, वास घेतला, नखाने टोकरलं, परत ठेवलं. “खोटंय,” ती स्वतःशीच म्हणाली. मग तिची नजर तिपाईवर गेली. मनीप्लांटच्या पानांआड, तिच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, बुद्ध बसला होता. शेजारी कोणीतरी उष्टा कप ठेवलेला.

म्हातारी उठली. कप बाजूला केला. पदराने मूर्ती पुसली, दोन्ही हातांनी उचलली, आणि इकडेतिकडे बघून, जिथून रूपेशने ती काल काढली होती त्याच उंच फळीवर टाचा उंचावून ठेवली. मग चपला काढल्या आणि हात जोडले.

“आई!” जाधव दबक्या आवाजात ओरडले.

तो आवाज महेंद्रने ओळखला. काल संध्याकाळी स्टुलावरून रूपेशवर ओरडताना त्याच्या स्वतःच्या गळ्यातून तोच निघाला होता.

स्वयंपाकघराच्या दारात भीमाबाई उभी होती. तिने म्हातारीला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं. हात पदराला पुसून पुढे आली.

“जयभीम, बाई.”

“जयभीम, माय,” म्हातारी सवयीने म्हणाली. आणि मग तिने मुलाकडे बघून पदर तोंडाला लावला. “आता गं बया! याने सांगितलं व्हतं, इथं बोलायचं न्हाई म्हणून.”

बैठकीत दोन शिकलेले पुरुष आपापल्या पायाखालची फरशी फार बारकाईने बघत होते. जाधवांचे कान लाल झाले होते. आपलेही झाले असणार, असं महेंद्रला वाटलं. पहिलं हसू पौर्णिमाला फुटलं.

“बडोद्याचे!” ती म्हणाली आणि ट्रे खाली ठेवून भिंतीला टेकली. “फार लांबून!”

“आणि माझं देवघर!” जाधव म्हणाले. त्यांचा चेहरा रडायच्या बेतात असल्यासारखा झाला आणि मग ते असे हसायला लागले, की चष्मा काढावा लागला. “सर, मला ईशान्य दिशा कुठली तेसुद्धा माहीत नाही हो.”

“तो कोपरा नैऋत्य आहे,” महेंद्र म्हणाला. त्याला स्वतःलाही खात्री नव्हती.

हसणं ओसरल्यावर जाधव म्हणाले, “घाटाकडचे दोन बंगले बघितले. दोन्हीकडे नीट सांगितलं आम्ही कोण ते. दोन्हीकडे मालकांचा विचार बदलला. म्हटलं, या वेळी तोंड बंद ठेवू. सही होईपर्यंत.”

“आणि आम्ही भिंत बंद ठेवली,” महेंद्र म्हणाला. प्रसंगाला साजेसं वाक्य त्याला दोन दिवसांत पहिल्यांदाच सुचलं. पण ते म्हणून काही बरं वाटलं नाही.

फोटो ट्रंकेतून बाहेर आला. महेंद्र स्टुलावर चढला तेव्हा स्टूल धरायला जाधव स्वतः पुढे झाले. फोटोच्या जागी रात्री उशिरा मारलेला रंग अजून ओला होता. महेंद्रच्या बोटांचे ठसे फोटोच्या चौकटीभोवती उमटले आणि त्यांतून खालचा निळा दिसायला लागला. तो कोणी पुसला नाही.

आता व्यवहार झालाच, असं रूपेशने डोळ्यांनीच दादाला कळवलं. दोन्ही म्हाताऱ्या ओट्यावर जाऊन बसल्या होत्या. जाधवांनी विहिरीच्या पाण्याचं विचारलं, वीज किती वेळ असते ते विचारलं, आणि खूश होत म्हणाले, “आईला धापेचा त्रास आहे. ठाण्यात सगळीकडे धूळ. इथे हवा किती छान आहे! कामाला बाई ठेवू. मी शनिवार-रविवार येत जाईन.”

ओट्यावरून म्हातारीचा आवाज आला. “म्हंजी मी इथं एकली ऱ्हायाची?”

“एकटी कुठे आई, बाई असेल ना.”

म्हातारीने भीमाबाईकडे मान वळवली. “माय, तू का चाललीस इथनं?”

महेंद्र दोन ढांगांत दारात पोचला. आईला खुणा केल्या, भुवया उडवल्या, शेवटी चक्क हात जोडले. भीमाबाईने ते सगळं बघितलं आणि दुसऱ्या बाईकडे वळली.

“खरं सांगू? दिवसभर बोलायला मानूस नाय. त्या अंगाला ढाबा, या अंगाला कुलूप. मी रस्त्यावरच्या एसट्या मोजतंय. ती भिंत पन पावसाळ्यात पाझरते, काल रंग मारलाय म्हनून दिसत नाय. पन भिंतीचं काय नाय. धाडकन पडले ना एखाद्या दिवशी, तर कोनाला कळायचं पन नाय. हवा चांगली आहे, ते खरंय.”

म्हातारी मुलाकडे बघत राहिली. आवाज न चढवता म्हणाली, “बाळा, हवेशी बोलू का मी?”

जाधव चष्मा काढून पुसायला लागले. महेंद्रला त्यांची फार दया आली. इतकी, की घर हातचं जातंय हे त्याच्या जरा उशिराच ध्यानात आलं. आईसाठी म्हणून सगळं जमवायचं आणि आईला विचारायचं तेवढं राहून जायचं, हे दुसऱ्याच्या तोंडावर किती स्पष्ट दिसतं!

निघताना जाधवांनी दोन्ही हातांनी महेंद्रचा हात धरला. “सर, विचार करून... फोनवर सांगतो.”

मग पौर्णिमा, रूपेश, अमोल, आणि सगळ्यांत मोठ्याने स्वतः जाधवच हसले. म्हातारी गाडीत बसेपर्यंत भीमाबाईचा हात धरून होती. दोघींनी एकमेकींच्या मुलांचे मोबाइल नंबर मागून घेतले आणि मुलांकडूनच ते त्यांच्या त्यांच्या मोबाइलात टाकून घेतले.

गाडी मुरबाडच्या दिशेने दिसेनाशी झाल्यावर महेंद्रचा बांध फुटला.

“आई, अगं तुलाच घाई होती ना? तुलाच विकायचं होतं ना घर? आणि तूच सांगतेस भिंत पाझरते म्हणून?”

“मला विकायचं होतं?” भीमाबाई खरंच चकित झाली. “मला जायचं होतं. विकायचं तुमी ठरवलंत.”

“म्हणजे?”

“मी म्हटलं, मला पौर्णिमाकडं जायचंय. तुमी दोघांनी म्हटलंत, आधी घर विकू. मी म्हटलं, शिकलेली पोरं आहेत, असंल काय तरी कायदा.”

रूपेशने दादाकडे बघितलं. दादाने रूपेशकडे. पौर्णिमा सोफ्यावरच्या आपल्या उशा गोळा करत होती, ती पाठमोरीच म्हणाली, “मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, खोली रिकामी आहे. तुम्हाला जावयाचं घर नडलं.”

“लोक...” महेंद्रने सुरुवात केली, आणि हे वाक्य पुढे कुठे जातं ते त्याचं त्यालाच ऐकू आल्यामुळे थांबला.

“लोक कुठायत इथं?” भीमाबाई म्हणाली. “असते तर मी गेले असते कशाला?”

तिने दुपारीच सामान बांधलं. गोधड्या, दोन पातेली, सुकटीचा डबा. घर विकायचं तेव्हा विकलं जाईल. अमोलने दर आठवड्याला येऊन दारं-खिडक्या उघडायचं कबूल केलं. फोटोला रूपेश हात लावायला गेला, तर तिने त्याला मागे ओढलं.

“तो राहू दे तिथंच. आसनगावला पौर्णिमाकडं आहे मोठा. इथं पुढचं गिऱ्हाईक आलं की आधी तोच दाखवा. पळायचं असंल ते दारातनंच पळंल, चहा तरी वाचंल.”

गाडी महेंद्र चालवणार होता. भीमाबाई पुढे त्याच्या शेजारी बसली, मागे रूपेश, पौर्णिमा आणि मनीप्लांट. महेंद्रने किल्ली फिरवली. त्याला वाटलं, आता काहीतरी बोलायला हवं. एवढी वर्षं, बापाने बांधलेलं घर, आईची शेवटची... वाक्य मनात चांगलं आकाराला येत होतं. आवाजात थोडा कंप आणून त्याने विचारलं,

“आई, वाईट वाटतंय?”

“कशाचं?”

“घराचं.”

भीमाबाईने जरा विचार केला. “पौर्णिमाच्या खोलीला पंखा हाय ना गो?” तिने मागे वळून विचारलं.

“आहे, आई. नवीन आहे.”

“मग चल.”

गाडी रस्त्याला लागली. महेंद्रला ते सोसेना. कोणीतरी घराकडे शेवटचं बघायला हवं, आणि ते मोठ्या मुलाने बघायला हवं. त्याने आरशात बघितलं, मग मान वळवून बघितलं. डोळे पाण्याने भरून आले.

“अरे फुडं बघ मेल्या!” भीमाबाईने त्याच्या दंडावर चापट मारली. “म्हैस आलीय!”

त्याने करकचून ब्रेक दाबला. म्हशीने गाडीकडे एकदा बघितलं आणि सावकाश रस्ता ओलांडला.